सीटखालची खडूची खूण

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि कुरकुरणं हा माझा जन्माचा स्वभाव आहे. भिलाईच्या सेक्टरमधल्या एका क्वार्टरच्या मागच्या भिंतीला मी टेकून उभी असते. दोडक्याचा वेल माझ्या हँडलवर चढला आहे, मागच्या चाकात हवा नाही, आणि शाळेतून येता येता तुमच्यापैकी कुणी ना कुणी माझी घंटी वाजवून पळून जातं. त्याचा मला राग नाही. तेवढीच कुणाला तरी माझी आठवण होते. पण आज जरा थांबा. माझं तुमच्याकडे एक काम आहे, आणि ते काम कळायला माझी हकीकत ऐकावी लागेल.

उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात नळ्या जोडून, काळा रंग देऊन माझा सांगाडा तयार झाला. गवतात गुंडाळून मालगाडीने मी दुर्गला आले. तिथल्या दुकानदाराने मला उभी केली, पण सीटच्या स्प्रिंगांना तेल द्यायचं तो विसरला. दुकानाच्या पायरीवरून खाली उतरतानाच मी पहिल्यांदा कुरकुरले. ज्यांनी मला विकत घेतलं ते दोघे हसले, आणि त्यातला बुटका म्हणाला की ही तर आपल्या गावच्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त बोलते.

हो, मला दोघांनी मिळून घेतलं होतं. पुंडलिकभाऊ आणि चंपत. दोघेही भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे. भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता, आणि गावोगावची माणसं शेतीवाडी भावांवर सोपवून इकडे येत होती. पुंडलिकभाऊ उंच, हडकुळे आणि अबोल. ते फिटर होते. मोठमोठ्या लोखंडी खांबांचे बोल्ट आवळणं हे त्यांचं काम. चंपत बुटका, वेल्डर, आणि त्याच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती. दोघे एका ठेकेदाराकडे रोजावर होते. रिसाली त्या वेळी साधं खेडं होतं. तिथे एकाच अंगणातल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. पुंडलिकभाऊंचं कुटुंब गावाकडेच होतं. चंपतची बायको मथुरा दोघांच्या भाकरी थापायची.

आता तुम्ही विचाराल, दोन माणसं आणि सायकल एकच, हे जमत कसं होतं? सांगते. एक जण दिवसपाळीला असला की दुसरा रातपाळीला असायचा. सकाळी पुंडलिकभाऊ माझ्यावर बसून कारखान्याच्या फाटकाशी यायचे आणि मला केवलरामच्या सायकल स्टँडवर ठेवून आत जायचे. थोड्याच वेळात रातपाळी संपवून चंपत बाहेर यायचा आणि माझ्यावर बसून घरी जायचा. संध्याकाळी याच्या उलट. म्हणजे माझी सीट कधी थंड पडायची नाही. भिलाईत अशा भागीदारीच्या सायकली पुष्कळ होत्या, पण एका सायकलीवर एक उंट आणि एक बकरा बसतो असं केवलराम फक्त माझ्याबद्दल म्हणायचा.

त्या उंट-बकऱ्यामुळेच आमच्यात एक रीत पडली. जो उतरेल त्याने दुसऱ्याच्या उंचीप्रमाणे सीट खालीवर करून ठेवायची. माझ्या हँडलला लटकवलेल्या पिशवीतल्या पान्याने सीटखालचा बोल्ट सैल करायचा, सीट हवी तशी सरकवायची, बोल्ट घट्ट आवळायचा आणि मग त्यावर खडूची एक आडवी रेघ ओढायची. ही रेघ पुंडलिकभाऊंनी कारखान्यातून आणली होती. तिथे उंचावर हजारो बोल्ट असायचे. कुठला आवळला आणि कुठला राहिला हे लक्षात राहावं म्हणून फिटर लोक आवळलेल्या बोल्टवर खडूने खूण करायचे. खूण दिसली की पुढचा माणूस त्या खांबावर बिनधास्त पाय ठेवायचा. चंपतही माझ्या बोल्टवरची खूण पाहायचा आणि टांग मारायचा. बोल्ट पक्का आहे का ते पाहायला एकदाही त्याने पान्याला हात लावला नाही.

माझी खरी परीक्षा हिवाळ्यात असायची. तुम्हाला वाटेल, पावसाळ्यात. नाही, मित्रांनो. पावसाळ्यात चिखल असतो, पण चिखल मऊ असतो. आमच्या वाटेवरून मुरूम, सिमेंट आणि अहिवाऱ्याकडचा चुनखडीचा दगड घेऊन ट्रक जायचे. त्यांच्या चाकांनी पावसात जे खोल चर पडत ते हिवाळ्यात वाळून दगड होत. चराच्या आत चाक घातलं तर पॅडल काठाला घासायचं, काठावरून चालवलं तर चाक घसरून आत पडायचं. वर चुनखडीची पांढरी भुकटी आणि पहाटेचं दव, म्हणजे साबण सांडल्यासारखी निसरड. धुकं इतकं की माझी रॉकेलची बत्ती फक्त माझंच पुढचं चाक दाखवायची.

पुंडलिकभाऊंनी त्यावर हळूहळू उपाय शोधले. थंडी सुरू झाली की ते माझ्या चाकांतली हवा थोडी कमी करायचे, म्हणजे मी खड्ड्यातून चेंडूसारखी उडत नसे. टायर फाटू लागला की आतून जुन्या टायरचा तुकडा बसवायचे. हँडलचं लोखंड बोटांना चावायचं, म्हणून त्याला गोणपाट गुंडाळलं होतं. चर आला की ते सीटवरून किंचित उठायचे आणि सगळा भार पायांवर घ्यायचे. मला ते फार आवडायचं. चंपतला मात्र उठणं ठाऊकच नव्हतं. रातपाळीचा थकलेला तो सीटवर पोत्यासारखा बसायचा, गाणं म्हणायचा, आणि मी प्रत्येक खड्ड्याला कुरकुरत घरी पोचायचे. मी फार कुरकुरले की तो सीटवर थाप मारून म्हणायचा, "चूप राय ना, मावशे." मीही काही कमी नव्हते. खड्डा असो नसो, मी आपली तक्रार चालूच ठेवायचे. याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

एका हिवाळ्यात आमच्या अंगणात एकच विषय होता. कारखान्यात कायमची भरती होणार होती. ठेकेदाराचा रोज आज आहे, उद्या नाही, पण कारखान्याची नोकरी लागली की क्वार्टर, दवाखाना, सगळंच मार्गी लागणार. फिटरांची परीक्षा आधी झाली आणि पुंडलिकभाऊ पास झाले. वेल्डरांची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. चंपतचा हात चांगला होता, सांध्यावरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळत नसे. मथुराने तर क्वार्टरच्या अंगणात कुठली भाजी लावायची तेही ठरवून टाकलं होतं.

आणि त्याच वेळी ती सकाळ आली. धुकं दाट होतं, म्हणून पुंडलिकभाऊंना उशीर झाला. स्टँडवर उतरले तेव्हा त्यांची बोटं थंडीने वाकत नव्हती. त्यांनी बोल्ट सैल केला, सीट खाली केली. मग का कुणास ठाऊक, पाना हातात धरता येईना म्हणून असेल, त्यांनी आधी खडू काढला आणि रेघ ओढून टाकली. तेवढ्यात भोंगा झाला. भोंग्यानंतर आत गेलं की मुकादम त्या दिवसाची हजेरी मांडत नसे. त्यांनी बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवला, पाना पिशवीत टाकला आणि पळाले. पळताना एकदा मागे वळून पाहिलं. परत यावं असं त्यांच्या मनात आलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण ते आले नाहीत.

थोड्या वेळाने चंपत आला. त्याने वाकून खूण पाहिली आणि टांग मारली.

मी कुरकुरले, मित्रांनो. जिवाच्या आकांताने कुरकुरले. पण मी रोजच कुरकुरत होते. त्याने सीटवर थाप मारली, मला गप्प राहायला सांगितलं आणि गाणं पुढे म्हणू लागला. नाल्याजवळच्या मोठ्या चरात पुढचं चाक आदळलं, सीट गर्रकन फिरली आणि खाली घसरली. चंपत उजव्या हातावर पडला. दगडासारख्या त्या काठावर त्याच्या मनगटाचा जो आवाज झाला, तो माझ्या कुठल्याही कुरकुरीपेक्षा लहान होता.

मागून येणाऱ्या लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं. मला कुणीतरी हाताने ढकलत केवलरामच्या स्टँडवर आणून ठेवलं. संध्याकाळी पुंडलिकभाऊ बाहेर आले. केवलरामने त्यांना झालेलं सांगितलं आणि वर म्हणाला की रस्ताच तसा आहे, कुणाचं काय चालणार. पुंडलिकभाऊ माझ्यापाशी आले. सीट वाकडी लोंबत होती आणि सैल बोल्टवर खडूची रेघ पांढरी स्वच्छ दिसत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याने ती रेघ पुसून टाकली. मग पाना काढून बोल्ट इतका आवळला की माझी नळी कळवळली. घरी जाताना ते माझ्यावर बसले नाहीत. मला हाताने धरून रिसालीपर्यंत चालत गेले.

खरं काय ते चंपतला सांगून टाकायचं, असा त्यांचा बेत होता. सायकलस्वार वाटेत एकटाच असतो तेव्हा पुष्कळ बोलतो, आणि ते सगळं सायकलीला ऐकू येतं. परीक्षा होऊन जाऊ दे, मग सांगीन, असं ते पुटपुटत. पण परीक्षा झाली आणि चंपत प्लास्टर घालून घरी बसला होता. मग म्हणू लागले, प्लास्टर निघू दे. प्लास्टर निघण्याआधीच ठेकेदाराने चंपतला काढून टाकलं. एका हाताच्या वेल्डरचा त्याला काय उपयोग? मग मथुरा रस्त्याच्या कामावर जाऊ लागली. फाटकाकडे पक्की सडक होत होती, तिथे बायका घमेल्यातून गिट्टी वाहायच्या. आता तर पुंडलिकभाऊंची जीभच उचलेना.

त्याऐवजी ते राबत राहिले. पाळी संपली की चंपतला माझ्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात न्यायचे. पाणी भरायचे, लाकडं फोडायचे, पगार झाला की धान्याचं पोतं मथुराच्या दारात ठेवायचे. मथुरा साऱ्या रिसालीला सांगायची की आमचे भाऊजी देवमाणूस आहेत, सख्खा भाऊ एवढं करणार नाही. ती असं बोलली की पुंडलिकभाऊ माझ्या चाकाशी उगीच खाली बसायचे आणि हवा तपासायचे. हवा ठीकच असायची.

चंपत रस्त्याला शिव्या घालायचा. स्वतःलाही घालायचा. आपण नाल्यापाशी उतरून चालायला हवं होतं, झोपेत होतो, आपलीच चूक, असं तो पुंडलिकभाऊंना कितीदा तरी म्हणाला. कारखान्यात पुंडलिकभाऊ एकदा आवळलेला बोल्ट परत परत तपासत, आणि मुकादम त्यांना हळू काम करतो म्हणून टोचायचा, हेही मी त्यांच्याच तोंडून वाटेत ऐकलं. मलाही बरं वाटत नव्हतं. खोटी खूण होती ती माझ्याच अंगावर. आणि मी आयुष्यभर फुकट ओरडत आले नसते, तर त्या एका दिवशी कुणी ऐकलं असतं.

वर्ष गेलं. हाड जुळलं, थोडं वाकडं का होईना. चंपतने दुसऱ्या ठेकेदाराकडे काम धरलं, आमची सकाळ-संध्याकाळची अदलाबदल पुन्हा सुरू झाली, आणि हिवाळ्यात वेल्डरांची परीक्षा पुन्हा निघाली. पुंडलिकभाऊ तोवर कायम नोकरीवर रुजू झाले होते. परीक्षेच्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली. पहाटे अंगणात त्यांनी मला पुसलं, सीट खाली केली, बोल्ट आवळला, परत आवळला, अजून एकदा आवळला, आणि मग खूण केली. चंपत नवा सदरा घालून बाहेर आला. मथुरा दारात उभी होती. त्याने खूण पाहिली आणि टांग मारली.

पुंडलिकभाऊंनी हँडल धरलं. "एक डाव पान्यानं पाहून घे."

"तुमी खूण केली ना?" चंपत हसला. "मंग मी कायले पाहू?"

हे वाक्य त्यांना सोसलं नाही. मान खाली घालून ते म्हणाले, "त्या दिशी बी खूण होती, चंपत. पन बोल्ट आवळला नोहता मी. बोटं आखडली होती, भोंगा झाला, अन् मी पळालो. रस्त्यानं नाई पाडलं तुले. मी पाडलं."

मला त्यांचा राग आला. वर्षभर गप्प राहिलात आणि सांगायला हीच वेळ सापडली? ज्या हाताने आता विस्तवाशी खेळायचं तो हात थरथरला तर? पण साठलेलं पाणी बांध फोडताना वेळ पाहत नाही. चंपत खाली उतरला. पिशवीतून पाना काढला, बोल्टला लावला, जोर देऊन पाहिला. बोल्ट हलला नाही. पाना परत ठेवून तो निघून गेला.

मथुरा तिथेच उभी होती. ती पुंडलिकभाऊंना जे म्हणाली ते मी तेव्हा ऐकलं नाही, मी तर चंपतबरोबर वाटेला लागले होते. पण पुंडलिकभाऊ पुढे कित्येक दिवस माझ्यावर बसून तिचे शब्द जसेच्या तसे म्हणायचे. ती म्हणाली होती, "मी गिट्टी उचलली त्याचं काई नाई, भाऊजी. पन मी तुमाले रोज देवमाणूस म्हनत गेली, अन् तुमी रोज आयकून घेत गेले."

फाटकाकडची सडक आता पक्की झाली होती. खड्डा नाही, चर नाही. तरी त्या सकाळी माझं हँडल सारखं डळमळत होतं. नाल्यापाशी चंपत थांबला, गोणपाटावरची हाताची पकड सोडली, मुठी बगलेत घालून बराच वेळ उभा राहिला. मग पुढे गेला. दिवस कलल्यावर तो स्टँडवर आला तेव्हा केवलरामने नुसती मान उडवून विचारलं. चंपत म्हणाला, "झालं." एवढंच. तो पास झाला होता. पुंडलिकभाऊंना ही बातमी केवलरामकडून कळली.

त्यानंतर दोघे भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. मला विकून पैसे वाटून घ्यावेत असंही कुणी म्हणालं नाही. अदलाबदल तशीच चालू राहिली. पुंडलिकभाऊ सीट खाली करायचे, बोल्ट आवळायचे, खूण करायचे. चंपत यायचा, खुणेकडे पाहायचाही नाही. सरळ पाना काढून स्वतः बोल्ट आवळायचा आणि मग बसायचा. तो गाणंही म्हणेनासा झाला. एकाच बोल्टला दोघांचा पाना लागून त्याच्या कडा गोल झाल्या. चंपतने आवळलं की त्याच्या हाताने खूण पुसली जायची, आणि संध्याकाळी सीट वर करून ठेवताना तो स्वतः खूण करेनासा झाला होता, म्हणून पुंडलिकभाऊंना सकाळची पुसलेली खूणच दिसायची.

असे किती तरी महिने गेले. परत हिवाळा आला. चंपतला क्वार्टर मिळालं होतं, दुसऱ्या सेक्टरमध्ये. तो आता स्वतःची सायकल घेणार होता आणि माझ्यावर त्याचे शेवटचेच दिवस होते. एका सकाळी तो रातपाळीहून आला. धुकं होतं. केवलराम शेगडी पेटवण्यात गुंतला होता आणि पुंडलिकभाऊ केव्हाच आत गेले होते. चंपतने सवयीने पाना काढला. बोल्टपर्यंत नेला. मग थांबला. खडूच्या त्या रेघेकडे तो पाहत राहिला. उजवं मनगट डाव्या हाताने चोळलं. आणि पाना परत पिशवीत ठेवून त्याने टांग मारली.

नाल्यापर्यंत तो गप्प होता. नाला ओलांडल्यावर गाणं म्हणू लागला. त्या दिवशी मी घरापर्यंत एकदाही कुरकुरले नाही.

घरी उतरताना थंडीसाठी पांघरलेली त्याची गोधडी सीटला घासली आणि तीही खूण पुसली गेली. संध्याकाळी पुंडलिकभाऊंनी पाहिलं, रोजच्यासारखी पुसलेली. त्यांना काय कळणार? आणि चंपत? जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलणारा तो माणूस, ही एक गोष्ट त्याला सांगता आली नाही. आठवड्याभरात तो नव्या सायकलीवर नव्या घरी गेला. मी पुंडलिकभाऊंकडे राहिले, आणि पुढे त्यांच्याबरोबर या क्वार्टरमध्ये आले. दोघे कधी बाजारात भेटतात, पिकापाण्याचं विचारतात आणि आपापल्या वाटेने जातात.

पुंडलिकभाऊ आता कारखान्याच्या बसने कामावर जातात. मी या भिंतीशी असते. बोल्ट गंजून गेला आहे, तो आता कुठल्याही पान्याने हलणार नाही. तरी थंडी पडू लागली की एखाद्या सकाळी ते मागच्या अंगणात येतात, वेल बाजूला करतात, बोल्टला पाना लावून पाहतात आणि त्यावर खडूची रेघ ओढतात. माझ्यावर कुणी बसणार नसतं. मग ते तिथेच थोडा वेळ उकिडवे बसून राहतात. मी काय सांगू त्यांना? माझ्या कुरकुरीचा अर्थ तेव्हाही कुणाला लागला नाही.

म्हणून, मित्रांनो, मी तुम्हाला थांबवलं. मला तेल देऊ नका, वेलही काढू नका. मोठे झालात की आधी बोल्ट आवळा आणि मग खूण करा, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. आणि माझं काम म्हणाल तर ते लहानसं आहे. पाळी संपल्यावर पुढच्या दाराशी खाटेवर जे उंच, अबोल काका बसलेले असतात ना, त्यांच्याजवळ जा आणि त्यांना सांगा, की त्या सकाळी चंपतने पाना परत पिशवीत ठेवला होता.